वेल हलवायची वेळ

घरच्या बिअरसाठी लावलेली हॉपची वेल भिंतीच्या सावलीत खुरटली होती. तिला उन्हात हलवायचं म्हणून बाबा उन्हाळाभर तळमळला, पण त्याने हात आवरला. थंडीत पानं झडली तसा तो कुदळ घेऊन भिडला. कुंपणापाशी खड्डा खणला, मन भरेना म्हणून बुजवला आणि पायरीपाशी नवा खणला.

"आत्ताच का?" लेकीने विचारलं.

"आत्ता ती झोपलीय. हिरवीगार असताना हलवली असती, तर तिने धसका घेतला असता. आता तिला कळणारही नाही. जाग येईल तेव्हा छान उन्हात असेल."

लेक खणून काढलेल्या वेलीच्या मुळांवरची माती चाचपत राहिली.

"आईकडून मला आणलंस तेव्हा मीपण झोपलेच होते," ती म्हणाली. "उठल्याउठल्या कळलं होतं मला, बाबा."