सतरंजीवरची माधवी

आठवडाभर आंजी गावच्या सगळ्या बायांना "रेषेकडं पाहा वो" म्हणून भंडावून सोडणाऱ्या माधवीचाच पाय, ऐन महिला मंडळाच्या कबड्डीत, रेषेबाहेर पडला. बरोबरीत चाललेल्या मॅचमध्ये तळेगावला एक पॉईंट मिळाला. ती बाद होऊन मैदानाकडेच्या सतरंजीवर जाऊन बसली. तिला ना ऊन लागत होतं, ना लाज वाटत होती. काहीच वाटत नव्हतं.

तेवढ्यात आंजीच्या आचलनं तळेगावची एक बाई बाद केली. म्हणजे आंजीची बाहेर बसलेली एक जण आता परत आत जाणार, आणि सगळ्यात आधी बाद झालेली माधवी, तेव्हा नंबर तिचाच.

"माधवी, ये लवकर!" कॅप्टन अन्नपूर्णाकाकू ओरडल्या.

"मी नाई येत, काकू. प्रेरणाले पाठवा. मी आली की अजून काहीतरी बिघडवीन."

"प्रेरणा तुयामागून बाद झाली. ये म्हटलं ना!"

माधवी सतरंजीचा निघालेला दोरा ओढत राहिली. पंचांनी शिट्टी वाजवली आणि तळेगावला पॉईंट दिला.

"काऊन?" प्रेरणा उसळली. "आता कोण बाद झालं?"

"तुमची बाई वेळेत आत आली नाही," पंच म्हणाले.

माधवीनं मान वर केली. अन्नपूर्णाकाकू ओढणी कमरेला आवळत तिच्यासमोर उभ्या होत्या.

"मघाचा पॉईंट चुकून गेला, बाई. हा तू ठरवून देल्ला. आता येतं, का अजून एक देतं?"