पसारा

“मॅडम, आज तरी लवकर घरी जा,” रिसेप्शनवरची मुलगी म्हणाली. “फुलं सुकायच्या आत लेकीला दाखवा.”

ज्या हॉटेलात ती फरशी पुसायला लागली, त्याच हॉटेलची ती आज मॅनेजर झाली होती. केक कापून झाला, टाळ्या झाल्या, भाषणासाठी सगळ्यांनी गळ घातली. तिनं दोन वाक्यांत उरकलं. खरी गोष्ट चारचौघांत सांगण्यासारखी नव्हती.

नवरा सोडून गेला आणि पाठोपाठ घरमालकानं सामान रस्त्यावर काढलं, तेव्हा लेक सहा वर्षांची होती. हॉटेलातली जी खोली रिकामी असेल, तिच्यात मायलेकी चोरून झोपायच्या. कुणाला सुगावा लागला असता तर नोकरी गेलीच असती. म्हणून तिनं पोरीला शिकवलं: उठल्या उठल्या चादर ताणायची, उशी थोपटायची, बेसिन कोरडं करायचं, एक केससुद्धा मागे राहता कामा नये.

पोर भलती हुशार. फ्रॉकच्या टोकानं नळ पुसायची आणि दाराशी वळून विचारायची, “आई, आपण इथे नव्हतोच ना?”

तेव्हा तिला त्याचं कौतुक वाटायचं. आता आठवलं की स्वतःचाच राग यायचा.

पुढे ती सुपरवायझर झाली, स्वतःचं घर झालं. त्यातली एक खोली फक्त लेकीची. पण जित्याची खोड. लेक नर्स झाली, दिवसपाळी-रात्रपाळी करू लागली, तरी तिची खोली अशी असायची की कुणीही यावं आणि किल्ली मागावी. कप धुऊन पालथा, टॉवेलची घडी, चपला कपाटात.

“अगं, आपलं घर आहे हे. जरा पसारा कर की,” आई म्हणायची.

“सवय झालीय,” लेक म्हणायची, आणि विषय तिथेच संपायचा.

आईला तरी पुढे बोलायला सवड कुठे होती? उजाडायच्या आत ती निघायची. “येते गं!” असं लेकीच्या बंद दाराला सांगायची. आतून उत्तर आलं नाही, तर रात्रपाळी करून पोर ढाराढूर झोपली असेल म्हणून पाय न वाजवता जिना उतरायची.

आज मात्र तिचं ठरलं होतं. नोकरीला लागल्यापासून पहिल्यांदाच तिनं आठवड्याची रजा टाकली होती. लेकीला समोर बसवायचं आणि सांगायचं, मी शिकवलं ते चुकलं गं. पोरीला आपलंसं करायला अजून उशीर झाला नसेल, असं तिला मनापासून वाटत होतं.

ती घरी पोचली. लेक ड्यूटीवर गेलेली दिसत होती. खोली नेहमीसारखीच लख्ख. तिनं फुलं उशीवर ठेवली आणि बिछान्यावर चक्क लोळली. ताणलेली चादर मुद्दाम चुरगाळली. मग तिला लहान मुलासारखं हसू आलं, आणि तिनं फोन लावला.

“आई? तू? या वेळी?”

“मॅनेजर झाले गं!”

“खरंच?” लेकीचा आवाज भरून आला. “किती छान, आई.”

“आणि ऐक, तुझ्या चादरीचा पार बोळा केलाय मी. आता आठवडाभर घरीच आहे. ड्यूटी संपली की सरळ ये. खूप बोलायचंय तुझ्याशी.”



“म्हणजे तू रागावली नव्हतीस?” लेकीनं हळूच विचारलं.

“मी? कशाला रागावू?”

“निघताना मी सांगितलं, तेव्हा तू फोनवर होतीस, नुसती मान हलवलीस. नंतर महिना झाला तरी तुझा फोन नाही. मला वाटलं, मी घर सोडलं म्हणून तू अबोला धरलायस.”