ॲप्रनखाली दिसणार नाही असं

"तिला बंदूक विकू नका, एवढंच मागणं आहे माझं," डेल प्रुइट म्हणाला.

काउंटरच्या पलीकडे अर्लीन मॅडॉक्स हातातलं फडकं तसंच धरून उभी राहिली. चर्चचं छप्पर फुकट दुरुस्त करून देणारा, एरवी सगळ्या गावाला हसवणारा हा माणूस बायकोच्या काळजीनं टोपी पिळत रडत होता.

"कॉरिन जेवत नाही, झोपत नाही. कुत्रं बहिणीला देऊन टाकलं. चांगले कपडे खोक्यात भरून ठेवलेत. विचारलं तर म्हणते, आता इथं कशाला लागतात. आणि परवा फोनवर पिस्तुलं बघत होती. अर्लीनबाई, गावात बंदुकीचं दुकान तुमचं एकच आहे."

"डॉक्टरला दाखवलंस?"

"नाव काढलं तरी भडकते."

अर्लीननं त्याचा हात दाबला. चौदा वर्षांपूर्वी शाळेतले एक मास्तर सापांसाठी म्हणून तिच्याकडून रिव्हॉल्व्हर घेऊन गेले होते. तिनंच निवडून दिलं होतं. साफसफाईचं तेल कुठलं वापरायचं, हेही त्यांनी बारकाईनं विचारून घेतलं होतं. त्याच संध्याकाळी ते नदीकाठी स्वतःला गोळी घालून घेतलेले सापडले. तेव्हापासून ती गिऱ्हाइकाचा चेहरा आधी वाचायची, मालाला हात नंतर लावायची.

गुरुवारी दुपारी कॉरिन आली. फुलांच्या दुकानातून थेट, अंगावर हिरवा ॲप्रन, बोटांना देठांचा चीक. चाळिशीची असेल, डोळ्यांखाली काळं झालेलं.

"रोज अंगावर बाळगता येईल असं हवंय. कुणाला दिसायला नको."

"पर्समध्ये ठेवणार?"

"नाही. पर्स नेहमी हाताशी नसते."

अर्लीननं एक छोटं पिस्तूल रिकामं करून तिच्यापुढं ठेवलं. "हे लपतं छान. पण जितकं हलकं, तितका झटका जास्त. वरचा भाग मागे ओढून बघ."

कॉरिनला ते दोनदा ओढूनही जमलं नाही. मग अर्लीननं आखूड नळीचं रिव्हॉल्व्हर काढलं. ते तिच्या मुठीत नीट बसलं.

"आता ते ठेवायला कमरेचा होल्स्टर. मऊ कापडाचा अजिबात घेऊ नकोस, त्याचं तोंड मिटतं. चाप पूर्ण झाकला गेला पाहिजे. आणि पट्टा जाड हवा, नाहीतर पँट घसरत राहील."

कॉरिननं होल्स्टर कमरेच्या आतून, पुढच्या बाजूला लावून पाहिला. वाकली की पोटात टोचत होता. दुकानात दिवसभर पाण्याच्या बादल्या उचलायच्या असतात, म्हणाली. मग उजव्या कुशीवर सरकवला. तिथं ॲप्रनची गाठ आडवी येत होती. अर्लीननं ती सोडून वर, फासळ्यांपाशी बांधून दिली.

"माझी एक गिऱ्हाईक म्हणायची, हा होल्स्टर माझ्या नवऱ्यापेक्षा जास्त टोचतो!"

कॉरिन हसली. हसता हसता एकदम थांबली.

"हा घरातही घालून वावरता येईल?"

"घरात कशाला गं?"

कॉरिननं आरशात बघत स्वेटर खाली ओढला. "सवय व्हावी म्हणून."

अर्लीनच्या मनात आलं, मरायला निघालेलं माणूस ॲप्रनच्या गाठीचा एवढा विचार करेल का? पण मास्तरांनीही तेलाची चौकशी केलीच होती.

"डेलला माहीत आहे?"

"नाही. त्याला सांगू नका."

"पोरी, काही सांगायचंय का मला?"

कॉरिनचे ओठ हलले. क्षणभर वाटलं, आता सगळं बाहेर पडणार.

"सांगून कुणाला खरं वाटणार आहे," ती म्हणाली आणि फॉर्म पुढं ओढून भरू लागली.

अर्लीन फॉर्म घेऊन आतल्या खोलीत गेली. गिऱ्हाइकाची सरकारी तपासणी करून घ्यायचा फोन न करताच पाच मिनिटं खुर्चीवर बसून राहिली. बाहेर येऊन म्हणाली, "तपासणीत अडकलंय. होतं असं कधी कधी. सोमवारी ये."

कॉरिनच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. "सोमवार? आज नाहीच होणार?"

"माझ्या हातात नाही गं." अर्लीननं एक छोटं कार्ड तिच्या तळहातावर ठेवलं. जीव नकोसा झालेल्या माणसांना मध्यरात्रीही बोलता येईल असा नंबर त्यावर होता.

कॉरिननं ते वाचलं. परत एकदा वाचलं. मग अर्लीनकडे अशा नजरेनं बघितलं, की अर्लीनला तिला मिठीत घ्यावंसं वाटलं.

"तुम्ही फार चांगल्या आहात," कॉरिन म्हणाली आणि होल्स्टर काढून काउंटरवर ठेवला.

ती गेल्यावर अर्लीननं डेलला फोन लावला. सांगू नका म्हणाली होती, पण असल्या गोष्टी घरच्यांपासून लपवायच्या नसतात.

"आली होती रे. दिलं नाही मी."

डेलनं विचारलं, "म्हणजे रिकाम्या हातानंच घरी येतेय?"

"रिकाम्या हातानंच. तिला एकटं सोडू नकोस."

"नाही सोडणार. देव तुमचं भलं करो, अर्लीनबाई."

त्या रात्री अर्लीन कित्येक वर्षांनी शांत झोपली. एक तरी वाचली, असं तिला वाटलं.

शुक्रवारी सकाळी दुकान उघडायला आली, तर दारात शेरीफच्या हाताखालचा पोलीस रूबेन उभा होता. तो शाळेत होता तेव्हापासून ती त्याला ओळखत होती. त्यानं टोपी काढली.

"अर्लीनबाई, डेल प्रुइटच्या फोनवर काल दुपारचा तुमच्या दुकानाचा नंबर आहे. कॉरिन गेली."

अर्लीननं दाराच्या चौकटीला धरलं. किल्ल्या खाली पडल्या.

"मी दिलं नव्हतं रे तिला," ती म्हणाली. "शपथ घेऊन सांगते, नव्हतं दिलं. मग कसं केलं तिनं?"

रूबेननं तिच्याकडे न समजून पाहिलं.

"तिनं कुठं काय केलं, अर्लीनबाई? डेलनं मारलं तिला."