तिसरा दगड

महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी एगॉन हार्म्सन गुडघ्यांखाली घ्यायची उशी, पॉलिशची डबी आणि फडकं घेऊन खाली उतरला आणि बघतो तर त्याचं काम कुणीतरी आधीच उरकून गेलेलं.

इमारतीच्या दारासमोर फुटपाथमध्ये तळहाताएवढे, वर पितळी पत्रा असलेले तीन स्मृतिदगड बसवलेले होते. युलियस ब्लुमेनाउ. हेर्टा ब्लुमेनाउ. इल्झे ब्लुमेनाउ. प्रत्येकावर जन्मसाल आणि खाली तीच ओळ: '१९४१ मध्ये रीगाला नेलं.' युद्धाच्या काळात नाझींनी या इमारतीतून उचलून छळछावणीत नेलेलं ज्यू कुटुंब; इथे परत कुणी आलं नव्हतं. दगड बसवल्यापासून चार वर्षं दर महिन्याला एगॉनच ते घासत होता. कुणी सांगितलं नव्हतं, पण काम त्याचं होतं.

आज युलियस आणि हेर्टा लखलखत होते. इल्झे मात्र तशीच काळवंडलेली.

"अर्धवट काम," एगॉन पुटपुटला. चाळीस वर्षं हॅम्बुर्गच्या बंदरात क्रेन चालवलेला माणूस, त्याला अर्धवट काम सहन होत नसे. त्याने तिसरा दगड घासला आणि गुडघे चोळत वर गेला.

बुधवारी पाऊस पडला. गुरुवारी पुन्हा तेच. दोन चकचकीत, तिसरा मळका.

समोरच्या बेकरीतल्या ग्युल्टेनला सगळं ठाऊक होतं. "एक म्हातारी येते, हार्म्सन काका. निळी टोपी घालते. बोलते जर्मनच, पण जरा स्वीडिश वळणाने. दालचिनीचा पाव घेते आणि आधी त्याचा वास घेत बसते."

"परवानगी कुणाची घेतली तिने?"

"तुम्ही कुणाची घेतली होती?"

एगॉनने कॉफीचा घोट घेतला.

"नोकरी जाणार तुमची," ग्युल्टेन म्हणाली. "तिचा हात तुमच्यापेक्षा चांगला आहे."

शनिवारी तो सात वाजताच बेकरीच्या खिडकीशी ठाण मांडून बसला. निळी टोपी आली. फुटपाथवर रुमाल पसरून बाई आरामात बसली, दोन दगड घासले, फडक्याची घडी घातली. एगॉन तरातरा रस्ता ओलांडून तिच्यासमोर उभा राहिला.

"माफ करा, बाई. एक राहिला."

बाईने वर पाहिलं. ऐंशीच्या आसपासची असावी. डोळे मात्र मिस्किल. "राहिला नाही. ठेवला."

"का? त्या पोरीने काय घोडं मारलं होतं तुमचं?"

"तुम्ही घासता ना तिचा? मी पाहते, संध्याकाळपर्यंत चकचकीत झालेला असतो. मग मी कशाला हात लावू?"

"करायचे तर तिन्ही करा, नाहीतर मला करू द्या. पोरीलाच वगळायचं, ही कुठली पद्धत?"

"बरेच तापट आहात हो."

"या दगडाबाबतीत आहे." एगॉन कण्हत खाली बसला आणि घासू लागला. बाई उठली नाही. जरा सरकून तिने त्याला जागा करून दिली.

"ओळखत होता तिला?" थोड्या वेळाने तिने विचारलं.

"आम्ही दुसऱ्या मजल्यावर, ते तिसऱ्या. मी सात वर्षांचा, ती अकराची. याच फुटपाथवर तिने मला चाकांच्या बुटांवर उभं राहायला शिकवलं. मी पडलो की पोट धरून हसायची. दुष्ट होती एक नंबरची."

"फारच पडत असाल."

"फार." एगॉनही हसला. मग त्याचा हात थांबला. "नेलं त्या सकाळी ती रस्त्यावरून आमच्या खिडकीकडे बघत होती. मी खिडकीच्या कट्ट्यावर चढून पडद्याआड उभा होतो. आई म्हणाली, हलू नकोस. मी हललो नाही. निदान हात तरी करायला हवा होता."

समोर ग्युल्टेन बेकरीच्या दारात उभी राहून दोघांकडे बघत होती.

"पडद्याखाली पाय दिसत होते," बाई शेवटी म्हणाली. "अनवाणी." तिने हळूच त्याच्या हातातलं फडकं काढून घेतलं आणि त्याच्या कोटावर उडालेलं पॉलिश पुसलं. "आणि आईबाबांचे मी करते रे, एगॉन. पण स्वतःचा दगड स्वतःच घासत बसले, तर लोक काय म्हणतील?"