दोन वाट्या

“वृंदा, नाव कुठल्याही वाटीचं घे, दंडाला टेकव मात्र तुला हवी ती,” बर्फाची आणि कढत पाण्याची वाटी नणंदेपुढे सरकवत शर्मिष्ठाने बजावलं आणि डोळे मिटले. कर्करोगाच्या शस्त्रक्रियेत स्तनासोबत काखेतली नसही गेली होती. डॉक्टरांनी तिथे कृत्रिम, हुशार नस बसवली. तेव्हापासून बधिर दंडाला सगळं कळायचं, पण शर्मिष्ठाच्या मनात पाल चुकचुकत होती.

“ही बर्फाची हं, वहिनी.”

दंडात गारवा शिरला. तिने डोळे उघडले. टेकलेल्या वाटीतून वाफा निघत होत्या, कातडी लाल झाली होती.

“अगंबाई, ही नस कानावर पडतं तेच सांगते!” वृंदाने वाटी झटकन मागे घेतली. “ती बसवल्यावर डॉक्टर काय म्हणाले होते?”

“गाठ पुरती निघाली, आता काही दुखणार नाही,” शर्मिष्ठा पुटपुटली. “आणि त्या दिवसापासून खरंच काही दुखलं नाहीये.”