राख टाकून बघितली तेव्हा

"आजोबा, हिचं तोंड चौकोनी आहे!" टीव्हीवरच्या किमयागार मुलीकडे बघून दहा वर्षांची शाल्मली खिदळली.

"तोंड नको बघूस, तिच्या पुढ्यातला हंडा बघ," चौगुले सर म्हणाले. रसायनशास्त्राच्या या निवृत्त मास्तरांनी मुलासाठी आणलेला जपानी व्हिडिओ गेम बावीस वर्षं स्वतःच खेळला होता. पण आज सूनबाईंनी बजावलं होतं, "बाबा, पोरगी तासाभरात कंटाळली, तर तो गेमचा डबा भंगारात."

जपानी अक्षरं दोघांनाही येत नव्हती. हंड्यात पाला, दगड, पाणी टाकायचं आणि काय बनतं ते बघायचं. बनलेल्या एकशे बारा वस्तूंना सरांनी वहीत मराठी नावं दिली होती: रडका गोळा, तात्यांचा ढेकर.

शाल्मलीचा हंडा तीनदा फुटला. तिचा चेहरा पडला. सरांच्या अगदी ओठांवर आलेलं उत्तर त्यांनी चहाबरोबर गिळलं. चिडून तिने फुटलेल्या हंड्यांची उरलेली राखच नव्या हंड्यात ओतली.

हंड्यातून पंखवाला निळा बेडूक उडाला.

"अगं, हा मला कधीच दिसला नाही!" सर ताडकन उठले. तास केव्हाच उलटला होता आणि सूनबाईही दारातून बेडूक बघत होत्या. सरांनी वही उघडली. "नाव सांग, लिहितो."

"थांबा हो," शाल्मली म्हणाली. "आधी पुन्हा तसंच होतंय का बघू."

हेच वाक्य सरांनी तीस वर्षं घसा कोरडा करून वर्गात शिकवलं होतं. पेनाला टोपण लावून ते तिच्या शेजारी मांडी घालून बसले.