वाट देणारा कॅमेरा

“अहो, मान बघा, जुंपलेल्या बैलागत झालीय,” म्हणत बायकोनं लग्नाचे फोटो काढायला निघालेल्या दिगंबरच्या गळ्यातला जुना डीएसएलआर काढला आणि नवा छोटा कॅमेरा हातात दिला. फुलासारखा हलका, फोटो जुन्याहून लख्ख.

मंगलाष्टकं संपत आली. अंतरपाटाशी पोचायला तो गर्दीत शिरला, तर एकजण खेकसला, “काका, अक्षता तिथूनच टाका की! फोटोवाल्याला येऊ द्या.”

“मीच तो,” म्हणेपर्यंत अंतरपाट दूर झाला. नवरानवरीची नजरभेट टिपायची राहिली.

पुढच्या लग्नाला छोटा खिशात घालून त्यानं मोठाही गळ्यात अडकवला.

“फोटो छोट्यानं काढणार, मग ही धोंड कशाला?” बायको कळवळली.

“गर्दी वाट देते ती त्याला बघून,” मान चोळत तो म्हणाला. “मला बघून नाही गं.”